दारं सोबत नेणारी माणसं

मिस्त्रींच्या तोंडात खिळे असले की त्यांना काही विचारायचं नाही, हा घरातला जुना नियम. खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करणाऱ्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, उजव्या हातात हातोडी. मग खिळे तोंडातच ठेवावे लागतात. चिमूटभर बारीक खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक ओठांशी आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाला लावायचा आणि एका ठोक्यात लाकडात बसवायचा. शिकाऊ माणूस हे शिकेपर्यंत निदान एक तरी खिळा गिळतो. मिस्त्री म्हणत, "मी दोन गिळले. म्हणून माझं पोट अजून जागच्या जागी आहे."

त्यांची बायको होती तेव्हा शेजारणींना सांगायची, "लग्नाच्या दिवशी काढले होते तोंडातले खिळे. दुसऱ्या दिवशी परत घातले." शेजारणी हसायच्या. मिस्त्रीही हसायचे. हा माणूस इतका कमी का बोलतो, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. ती गेली आणि ते ठाऊक असलेलं दुसरं कोणी उरलं नाही. मुलगा बस चालवतो, सून औषधांच्या दुकानात काम करते. त्या दोघांना एवढंच माहीत की आपलं मूळ गाव डोंगरापलीकडे आहे आणि तिथे आता कोणी राहिलेलं नाही.

ते गाव मिस्त्रींच्या वस्तादांचं होतं. मिस्त्रींनी ते कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

मिस्त्री जन्मले ते नदीच्या मुखाशी असलेल्या बेटावर. बेट म्हणजे साठत गेलेला गाळ. त्यावर बोरूच्या गवताच्या भिंतींची घरं, होड्या, जाळी, थोडी भाजी. शहरातले लोक तिथल्या माणसांना गाळकर म्हणत. त्यांच्यापैकी कोणाचंही ते आडनाव नव्हतं. शहराने ते सगळ्यांना एकदम देऊन टाकलं होतं. वर्गात एखाद्या पोराच्या अंगाला वास आला की मास्तर विचारायचे, "काय रे, गाळकर का?" मग शहराला मालाच्या धक्क्यासाठी जागा लागली. चौकशी नेमली गेली, अधिकारी येऊन बेट पाहून गेले, अहवाल लिहिला गेला आणि बेट रिकामं झालं. माणसांना शहराच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. मिस्त्री तेव्हा पंधरा वर्षांचे होते. पहिल्याच थंडीत वडील गेले. आई त्याआधीच गेलेली. राहिली ती धाकटी बहीण, एक लांबची आत्या आणि घराचं दार.

दाराची गोष्ट पुढे येईलच.

वस्तादांचं खुर्च्यांचं दुकान बाजारात होतं. पोराचे हात चांगले आहेत हे त्यांनी ओळखलं आणि दुकानाच्या माळ्यावर राहायला जागा दिली. माणूस मनाने वाईट नव्हता, व्यवहारी होता. म्हणाला, "एकटा ये. ते दार इथे आणायचं नाही. दार पाहिलं की लोकांना कळतं, आणि कळलं की गिऱ्हाईक तोंड फिरवतं. कोणी विचारलं तर माझ्या गावचा म्हणून सांग." आणि बोलताना शब्दाचं शेपूट लांबवायची बेटावरची लकब होती, तिच्यावर वस्तादांनीच इलाज काढला. "तोंडात खिळे धर," म्हणाले. "बोलायची वेळच येणार नाही."

पोराने दार शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं. बहीण त्या दाराला पाठ लावून उभी होती. "चार दिवसांनी येतो," तो तिला म्हणाला. गेला तो वर्षाने. तोवर शेड हलवल्या होत्या. मोकळ्या जागेवर कोळशाचा ढीग होता. कुठे हलवल्या हे शेजारच्या वखारीत विचारता आलं असतं. पण विचारणारा कोण, हेही त्यांना कळलं असतं. तो न विचारता परत आला.

याला आता पन्नासच्या वर वर्षं झाली.

मिस्त्रींची नात नववीत होती. घरात तिला ठकी म्हणत. आजोबा जेवढे गप्प, तेवढी ही बोलकी. शाळेतून आली की दप्तर न उतरवताच कामाच्या खोलीत यायची, मोडक्या कोचावर मांडी घालून बसायची आणि दिवसभराचा वृत्तांत द्यायची. कापडाचं टोक ताणून धरायचं काम तिच्याकडे असे. "तू बोल, मी ठोकतो," असा दोघांचा करार होता.

तिच्या शाळेत इतिहासाच्या बाई आणि इंग्रजीचे सर मिळून नववीच्या वर्गाला एक उपक्रम देत. वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजीच्या तासाला निबंध लिहायचा : आमचं घर कुठून आलं. मग इतिहासाच्या तासाला बेटाच्या चौकशीचा जुना अहवाल वाचायचा आणि शेवटी वर्गातच ती सुनावणी पुन्हा घ्यायची. कोणी बेटावरचे लोक व्हायचे, कोणी शहराचे वकील, कोणी अधिकारी. उरलेला वर्ग हात वर करून निकाल द्यायचा. पालकांना बोलवायचं, त्यांनी मागे बसून ऐकायचं. शेवटी पालकांमधून एक प्रश्न विचारायला परवानगी. भाषण आधी इंग्रजीत लिहून सरांकडून तपासून घ्यायचं आणि सुनावणीत घरच्या भाषेत करायचं.

कोण काय होणार हे चिठ्ठ्यांवर ठरे. बाई आपल्या जेवणाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकत आणि डबा वर्गभर फिरवत. बाईंचा नियम एकच होता : चिठ्ठी बदलून मिळणार नाही. जी बाजू आपली नाही तीच नीट अभ्यासावी लागते, असं त्या म्हणत.

निबंधासाठी ठकीने आजोबांना गाव विचारलं होतं. मिस्त्रींनी वस्तादांचं गाव सांगितलं. तिला तेवढ्याने पुरेना, म्हणून एक विहीर सांगितली, विहिरीवर वाकलेलं एक झाड सांगितलं. दोन्ही त्यांच्या मनातली. ठकीने इंग्रजीत झकास निबंध लिहिला आणि खाली विहीर काढली. सरांनी तो वर्गाच्या भिंतीवर लावला.

मग चिठ्ठ्या निघाल्या. ठकी घरी आली ती तोंड पाडून.

"शहराचा वकील," ती म्हणाली. "म्हणजे हरायची नोकरी. दर वर्षी बेटच जिंकतं."

मिस्त्रींच्या तोंडात खिळे होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वरच्या वर्गातल्या मुली सांगतात, शहराचा वकील उभा राहिला की सगळे आधीच हसतात. आणि समोर कोण आहे माहितीये? आमच्या वर्गातला तो लांब्या. बेटाचा म्हातारा झालाय. त्याला रडता येतं हो आजोबा, हवं तेव्हा. मी काय करू?"

पुढचे दोन आठवडे ती कामाच्या खोलीत भाषणाची तालीम करत होती. कोचाचा सांगाडा म्हणजे न्यायाधीश, रेक्झिनचा गुंडाळा म्हणजे लांब्या. मिस्त्री ऐकत होते. धक्क्यामुळे किती लोकांना काम मिळालं, बेट कोणाच्या नावावर नव्हतं, लोकांना पर्यायी जागा दिली होती. सगळं अहवालातलं. पर्यायी जागा हा शब्द आला की हातोडी क्षणभर थांबायची. ठकीला ते कळायचं नाही.

एके दिवशी ती भाषण अर्ध्यावर सोडून खाली बसली.

"जमत नाहीये," ती म्हणाली. "सर म्हणतात, ज्यांच्याविरुद्ध बोलतेस त्यांना आधी ओळख. कशी ओळखू? अहवालात नुसते आकडे आहेत. इतकी कुटुंबं, इतक्या होड्या. ती माणसं जेवायची काय, भांडायची कशावरून, काहीच नाही. आजोबा, तुम्ही तर तेव्हा होतात ना शहरात? पाहिलीत कधी ती माणसं?"

मिस्त्रींनी तळहात तोंडाशी धरला आणि खिळे काढून ठेवले. घरात असं क्वचित होई. ठकी सरसावून बसली.

"दर पावसाळ्यात बेटावर पाणी चढायचं," ते म्हणाले. "चढायच्या आधी माणसं निघायची. भिंती बोरूच्या, त्या सोडून द्यायच्या. वाहून गेल्या तर गेल्या. पण दार काढून घ्यायचं. प्रत्येक घराला एकच दार, जाड लाकडाचं. ते होडीत आडवं घालायचं आणि काठावर उंच जागी न्यायचं. पाणी ओसरलं की परत. गाळ दर वर्षी सरकलेला असायचा, कालची जागा आज नसायची. मग जिथे पाय टिकेल तिथे आधी दार उभं करायचं. नुसतं दार. भिंती नंतर. पण दार उभं राहिलं की घर झालं. त्या रात्री शेजारी आला तर दारावर थाप मारूनच यायचा, बाजूने मोकळं असलं तरी."

"बाजूने मोकळं असलं तरी?"

"तरी."

"आणि आतले दार उघडायचे?"

"नाहीतर काय. पाहुण्याला बाजूने घ्यायचं?"

ठकी हसली. "दार कोणाचं असायचं?"

"बापाचं. मग थोरल्या मुलाचं."

"किती छान आहे हे. अहवालात का नाही?"

"अधिकारी उन्हाळ्यात आले होते. त्यांना दारं उभीच दिसली."

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं?"

मिस्त्रींनी खिळे उचलले. "वस्तादांकडे एक जण यायचा. बेटावरचा," म्हणाले आणि खिळे तोंडात टाकले.

त्या दिवशी त्यांनी एका खुर्चीची बैठक उलटी ठोकली आणि पुन्हा उसवली. बायको गेल्यापासून कोणाजवळही न काढलेली गोष्ट त्यांनी नातीला दिली होती. ती तिला छान वाटली होती. एवढी मिळालीच आहे, तर उरलेलीही एक दिवस देता येईल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

सुनावणीला मुलाला सुट्टी मिळाली नाही, सूनही अडकली होती. मिस्त्री एकटेच गेले. धुतलेला सदरा घातला, नखांतला डिंक काढला. वर्गात बाकं भिंतीला सरकवली होती. भिंतीवर निबंध ओळीने लावलेले होते. मिस्त्रींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण विहिरीच्या चित्रावरून ठकीचा निबंध ओळखू आला. झाड त्यांनी सांगितलं होतं तसंच डावीकडे वाकलेलं होतं. ते त्याच्याकडे पाठ करून बसले.

लांब्या चांगला बोलला आणि बोलावण्याआधीच रडला. "आमची घरं गेली," तो म्हणाला, "आमचं सगळं गेलं." मागे एका आईने डोळे पुसले. मग ठकी उभी राहिली. हातात कागद नव्हता. धक्का, कामं, नावावर नसलेली जमीन हे सगळं तिने भराभर सांगून टाकलं. सगळ्यात भक्कम पुरावा शेवटी ठेवायचा, हे सरांनी शिकवलं होतं.

"आता घराबद्दल," ती म्हणाली आणि लांब्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुमच्या घराच्या भिंती दर वर्षी वाहून जात होत्या की नाही?"

लांब्या गोंधळला. हे अहवालात नव्हतं. "जात असतील," तो म्हणाला.

"आणि तुम्ही त्या स्वतःच सोडून जात होतात. फक्त दार काढून न्यायचात. होडीत घालून. मग गाळ जिथे सापडेल तिथे ते उभं करायचं आणि म्हणायचं, झालं घर. बरोबर? म्हणजे तुमचं घर कुठल्याच जागेवर नव्हतं. ते दारात होतं." ती वर्गाकडे वळली. "शहराने त्यांची जागा घेतली. पण जागा तर नदीही दर वर्षी घेत होती, तेव्हा यांनी तक्रार केली नाही. आणि दारं? ती सगळी त्यांनी सोबत नेली. एकही दार शहराने ठेवून घेतलं नाही. मग गेलं काय?"

लांब्याने डोळे चोळले. रडण्याची वेळ निघून गेली होती.

हात वर झाले. शहर जिंकलं. उपक्रम सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आयांनीही. सर खूश होते; तपासलेल्या भाषणात हे नव्हतं आणि असा युक्तिवाद त्यांनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. बाई मात्र टाळ्या थांबेपर्यंत टेबलाशी उभ्या होत्या. दर वर्षी बेट जिंकायचं आणि मुलं स्वतःवर खूश होऊन घरी जायची. त्याची त्यांना सवय झाली होती.

"दारांचं तुला कुठे मिळालं?" त्यांनी ठकीला विचारलं.

"माझ्या आजोबांनी सांगितलं," ठकी म्हणाली आणि मागे बोट दाखवलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मिस्त्री आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

"पालकांपैकी कोणाला प्रश्न विचारायचा आहे का?" बाईंनी विचारलं. विचारताना त्या त्यांच्याकडेच पाहत होत्या. मिस्त्रींच्या तोंडात खिळे नव्हते. तरी त्यांना जीभ हलवता येईना. शेवटी खिडकीजवळचे एक वडील उठले आणि त्यांनी विचारलं, "याचे मार्क वार्षिक परीक्षेत धरणार का?"

चार-पाच दिवसांनी बाई मिस्त्रींकडे आल्या. शाळेतली आपली फाटक्या बैठकीची खुर्ची स्वतः उचलून आणली होती. मिस्त्रींनी ती उलटी करून पाहिली.

"पट्टे गेलेत," म्हणाले. "सुनावणीला आलो तेव्हाच पाहिलं होतं. तुम्ही एका अंगाला कलून बसता."

"खुर्चीसाठी आले नाही मी."

"कळलं ते. शाळेत शिपाई आहे उचलायला."

बाई कोचाच्या सांगाड्यावर टेकल्या. "मी बेटाबद्दल मिळेल ते सगळं वाचलंय," त्या म्हणाल्या. "दारांची गोष्ट कुठेही नाही. बाहेरच्या माणसाला ती माहीत असणार नाही, मिस्त्री."

मिस्त्री जुने खिळे उपटत राहिले.

"मला काही नको आहे. वर्गात या, बोला, असंही म्हणणार नाही. पण मुलीला सांगा. ती कोणाविरुद्ध बोलली हे तिला कळायला हवं. आपण कोण आहोत हे कळावं म्हणूनच तर हे सगळं करतो आम्ही."

"फार चांगली बोलली ती," मिस्त्री म्हणाले.

"हो. म्हणूनच म्हणते."

"बाई, तुमच्या डब्यातली चिठ्ठी बदलून मिळत नाही, असं ठकी सांगत होती."

"नाही मिळत."

"मी बदलून घेतली." त्यांनी पक्कड खाली ठेवली. "पंधराव्या वर्षी. त्या बदलाची जी किंमत द्यायची होती ती तेव्हाच देऊन झाली. आता पोरीला जुनी चिठ्ठी दाखवून तिने काय करायचं?"

उठताना बाई म्हणाल्या, "तिने काय करायचं ते तिलाच ठरवू द्यायला हवं होतं." मग दारातून परत वळून म्हणाल्या, "आहे, मिस्त्री. अजून वेळ आहे."

बाई गेल्यावर मिस्त्रींनी खुर्चीला नवे पट्टे ताणले. काथ्या भरला, कापड बेतलं. खिळ्यांचा डबा उघडला आणि तसाच बाजूला ठेवला. ठकी यायची वेळ झाली होती. तोंड रिकामं ठेवून ते तिची वाट पाहत बसले. सुरुवात कुठून करायची तेही ठरलं होतं. विहिरीपासून. विहीर खोटी आहे, हे आधी सांगायचं. मग बहिणीचं.

ठकी आली. दप्तर न उतरवताच कोचावर बसली. "बाईंची खुर्ची? इथे?" म्हणाली आणि सवयीने कापडाचं टोक हातात घेतलं. "अजून सगळे मला वकीलबाई म्हणतायत. लांब्या बोलत नाही माझ्याशी. त्याला वाटलं मी फसवलं. आजोबा, खरं सांगू? शेवटचं बोलताना समोर लांब्या होता म्हणून बरं. समजा, वर्गात खरंच कोणी गाळकर असता, तर?"

"तर काय?"

"तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. म्हणजे बघा ना, त्याच्या तोंडावर कसं म्हणणार, तुमचं गेलं काय म्हणून? किंवा समजा, आपणच तसले असतो." ती खांदे उडवून हसली. "बरं झालं नाही आहोत. मला उभंच राहता आलं नसतं."

मिस्त्री तिच्याकडे पाहत राहिले. तिचे पाय कोचाखाली झुलत होते. आवाज मोकळा होता, वाक्य जिथे संपायचं तिथे संपत होतं. शब्दाला शेपूट नव्हतं. हेच त्यांनी घेतलं होतं चिठ्ठी बदलून.

"शेवटचा भाग म्हण बघू परत," ते म्हणाले.

"आत्ता?"

"मला मागून नीट ऐकू आलं नाही."

तिने म्हटला. हातातलं कापड न सोडता, वर्गाऐवजी खुर्चीकडे वळून. जागा तर नदीही दर वर्षी घेत होती. आणि दारं? ती सगळी त्यांनी सोबत नेली.

"सगळ्यांनी नाही," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी डबा पुढे ओढला आणि चिमूटभर खिळे गालात टाकले.

"आजोबा, सगळ्यांनी नाही म्हणजे? कोणी ठेवून गेलं होतं का? दुकानात यायचा तो?"

मग तिला नियम आठवला, आणि कापडाचं टोक तिने आणखी घट्ट ताणून धरलं. मिस्त्रींनी पहिला खिळा ओठांशी आणला.